गळतीचा उगम आणि दुरुस्तीची जबाबदारी

भाड्याच्या घरात छताला ओल आली, रंगाचे पोपडे सुटू लागले की पहिला वाद पैशांवरून होतो. खर्च घरमालकाचा की भाडेकरूचा? या विषयाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगावेसे वाटते: आधी पाणी कुठून येते ते शोधावे, कलम नंतर उघडावे.

जाणकार प्लंबर हेच करतो. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून तो फरशीवर रंगीत पाणी साठवून ठेवतो. खालच्या छतातून तोच रंग पाझरला, तर दोष फरशीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद ठेवल्यावर ओल सुकू लागली, तर दोष पुरवठ्याच्या पाइपमध्ये. उगम बदलला की जबाबदार माणूसही बदलतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपमधून होणारी किंवा पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने दुरुस्त करायची, तर सदनिकेच्या आतली गळती सभासदाने. म्हणजे मालक आणि भाडेकरू यांच्या वादात अनेकदा तिसरा पक्षही असतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 ने जागा राहण्याजोगी ठेवण्याचे बंधन घरमालकावर घातले आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभरात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. वाद चिघळला म्हणून पाणी तोडण्याची मुभा मालकाला नाही. कलम 29 ते स्पष्टपणे मना करते. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात तर कामांची यादीच आहे: पाइप बदलणे मालकाकडे, नळ आणि त्याचे वॉशर बदलणे, तुंबलेली मोरी साफ करणे भाडेकरूकडे. हा कायदा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, पण करार लिहिताना ही विभागणी फार उपयोगी पडते.

तिचे मोल लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना विशेष आहे. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू नसतात, त्यामुळे त्यांचा मुख्य आधार करारातली अट हाच असतो. आणि बहुतेक करारांत दुरुस्तीची अट एका मोघम ओळीत उरकलेली असते. पुढे डिपॉझिट अडते, ते याच ओळीमुळे.

म्हणून या अभ्यासाची सुरुवात स्वतःच्या करारापासून करा. भिंतीतला पाइप कोणाचा, नळ कोणाचा, कळवायचे कसे आणि किती दिवसांत दुरुस्ती व्हायची, हे त्यात लिहिलेले नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्या.