मेंदूंतील ‘सरसा’ची कथा

सुताराच्या दुकानांतील सरसाचें भांडें आपण पाहिलें असेलच. फळ्या एकदां जोडल्या गेल्या, कीं त्या भांड्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत, आणि त्यांच्या शेजारीं जवळजवळ तितक्याच दुसऱ्या पेशी नांदत असतात. या शेजारणींच्या वाट्याला दीर्घकाळ त्या भांड्याचेंच नशीब आलें; आणि माझ्या मतें त्याला त्यांचें नांवच बऱ्याच अंशीं कारणीभूत झालें.

तें नांव १८५६ सालीं जर्मन वैद्य रुडोल्फ फिर्खो यांनीं दिलें. मज्जापेशींना एकत्र बांधून ठेवणारा हा पदार्थ आहे, असें समजून त्यांनीं त्याला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलें. ग्रीक भाषेंत ग्लिया म्हणजे सरस! पुढें १९०६ मध्यें ट्यूबिंगेन येथें अल्झायमर यांनीं, स्मृति गमावून मरण पावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूचें वर्णन केलें. १९०७ च्या त्यांच्या टिपणांत मज्जापेशींतील गुंते आहेत, तशाच मेद सांठलेल्या ग्लियापेशीहि आहेत. लोकांनीं लक्षांत ठेवले ते गुंते.

खरा उलगडा माद्रिदमध्यें झाला. रामोन इ काहाल यांनीं १९१३ मध्यें सुवर्णक्षारानें रंगवून ताऱ्याच्या आकाराच्या ग्लियापेशी स्पष्ट दाखविल्या. परंतु कांहीं पेशी त्या रंगाला दाद देईनात. त्यांना शाखाच नाहींत असें मानून काहाल यांनीं त्यांस ‘तिसरा घटक’ ठरविलें. त्यांच्याच वर्तुळांतील पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनीं रौप्यक्षाराची नवी रीत काढली आणि १९१९ मध्यें त्या शाखा उघड्या केल्या. यांतील एका जातीस त्यांनीं ‘मायक्रोग्लिया’ म्हटलें. इजा झाली कीं या पेशी आकार बदलतात, तिकडे सरकतात आणि मृत अवशेष गिळतात. गर्भावस्थेंत त्या बाहेरून मेंदूंत शिरतात, असेंहि त्यांनीं सांगितलें. काहाल यांना हें सहजासहजीं पटलें नाहीं. प्रयोगशाळेंत इतर कुरबुरीहि होत्याच; १९२० मध्यें ओर्तेगांना तेथून जावें लागलें. यादवी युद्धानें देशहि सुटला, आणि १९४५ मध्यें ते ब्यूनोस आयरेस येथें परागंदा स्थितींत निवर्तले.

त्यांचें म्हणणें मात्र टिकलें. तारकापेशी मज्जापेशींच्या संधिस्थानीं उरलेलें ग्लुटामेट उचलून घेतात. तें सांचलें तर मज्जापेशींना घातक ठरतें. २००५ मध्यें जिवंत उंदरांच्या मेंदूंत असें दिसलें, कीं मायक्रोग्लिया शांतपणाच्या काळींहि आपल्या शाखा सतत हालवीत परिसर चांचपीत असतात. २०१३ मध्यें ट्रेम-२ हें जनुक पुढें आलें. मेंदूंत तें मुख्यतः मायक्रोग्लियांतच कार्य करतें, आणि त्याच्या एका विरळ प्रकारानें अल्झायमर रोगाचा धोका सुमारें तिप्पट होतो. २०१६ च्या उंदरांवरील प्रयोगांत तर, रोगाच्या गांठी जमण्यापूर्वींच मायक्रोग्लिया संधिस्थानें गिळूं लागलेल्या आढळल्या. एरवीं केर काढणाऱ्या या पेशी केव्हां आणि कशामुळें घराच्या तारा तोडूं लागतात, याचा शोध आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.