इमारतीतील वायफाय संकेतक्षयाचा अंदाज (सीसीटीव्हीसाठी)

बिनतारी कॅमेऱ्यापासून राउटरपर्यंत पोचताना रेडिओलहरींची शक्ती किती घटेल, याचे कॅमेरा बसवण्याआधी केलेले गणित. घट डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल घटले की शक्ती एक-दशांश उरते.

गणिताचा पाया हॅरल्ड फ्रीस यांचे १९४६ मधील सूत्र. त्यानुसार मोकळ्या जागेत २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पहिल्या मीटरलाच सुमारे ४० डेसिबल गमावतात आणि पुढे अंतर दुप्पट झाले की आणखी ६. इमारतीतले अडथळे यात येत नाहीत. ते धरण्यासाठी 'कॉस्ट २३१' या युरोपीय प्रकल्पाने वाटेतल्या भिंती व मजले मोजणारी पद्धत दिली : हलकी भिंत ३.४ डेसिबल, जाड भिंत ६.९, स्लॅब १८.३. हे आकडे १८०० मेगाहर्ट्झचे आहेत, त्यामुळे वायफायसाठी ते थोडे वाढवूनच घ्यावेत. दोन स्लॅबची घट मात्र दुप्पट न होता ३३.५ च्या आसपास राहते, कारण लहरींना जिन्यातून, खिडक्यांतूनही वाट मिळते.

समजा, कॅमेरा १५ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल) शक्तीने प्रक्षेपण करतो, राउटर १२ मीटरवर आहे आणि मध्ये दोन जाड भिंती आहेत. अंतराचे ६१.६ व भिंतींचे (मूळ आकडे न वाढवता) १३.८ मिळून ७५ डेसिबल जातात. राउटरला उणे ६० डीबीएम मिळतात. चित्र व्यवस्थित येते. त्याच वाटेत एक स्लॅब आला की उणे ७९ उरतात आणि चित्र अडखळू लागते.

सीसीटीव्हीचा अंदाज नेहमी कॅमेऱ्याकडून राउटरकडे बांधावा, कारण चित्र त्याच दिशेने सतत वाहत असते. मोबाइलवर दिसणारी रेंज राउटरच्या प्रक्षेपणाची असते. कॅमेऱ्याचे प्रक्षेपण बहुधा त्याहून क्षीण असते. शिवाय दुबळा कॅमेरा एकटाच अडत नाही. तो कमी वेगाने पाठवतो, म्हणून हवेतला वेळ जास्त खातो आणि त्याच चॅनेलवरचे धडधाकट कॅमेरेही रखडतात.

सूत्रातून निघते ती सरासरी. लोखंडी कपाट, माणसांची गर्दी, बंद झालेला दरवाजा यांनी प्रत्यक्ष आकडा वरखाली होतो, म्हणून निदान १० डेसिबल राखीव ठेवणे शहाणपणाचे. ५ गिगाहर्ट्झवर पहिल्या मीटरचीच घट ४६-४७ डेसिबल असते आणि भिंतीही अधिक अडवतात. अंदाज जागेवर मोजून दुरुस्त करतात. दुकानात ही मोजणी शटर ओढून करावी, कारण पहारा खरा लागतो तो तेव्हाच.