दार उघडावं की बंद ठेवावं?

३ जून २०२०. श्रीवर्धनच्या आमच्या घराभोवती निसर्ग वादळ घुमत होतं. आजोबा म्हणाले, "मागचं दार उघडा, वारा आरपार जाऊ दे." बाबांनी उघडलं. थोड्याच वेळात पडवीचे पत्रे उडाले. त्यानंतर कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते.

चूक कुणाची, हे शोधताना मी पोचलो थेट अमेरिकेतल्या गॅरेजच्या दारांपर्यंत.

आडव्या फळ्यांचं, वर सरकणारं गॅरेजचं दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१मध्ये आणलं. गाड्या वाढल्या तशी दारंही रुंदावली. दोन गाड्यांचं दार साधारण १६ फूट रुंद, ७ फूट उंच. म्हणजे घराच्या भिंतीतलं सगळ्यात मोठं भगदाड, आणि त्यावर पातळ पत्र्याचं झाकण.

२४ ऑगस्ट १९९२ला अँड्र्यू चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. २५ हजारांहून जास्त घरं उद्ध्वस्त झाली. पाहणीत पुन्हा पुन्हा एकच क्रम दिसला. दार मध्ये वाकतं, कडेची चाकं रुळातून निसटतात, वारा आत शिरतो. मग आतला दाब छपराला खालून ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो.

मी हिशोब केला. ताशी १८० किलोमीटर वाऱ्यात अशा दारावर दीड टनाहून जास्त जोर येतो. नुसता पत्रा जाड करून भागत नाही. फळ्यांमागे आडव्या पोलादी पट्ट्या लागतात, भक्कम रूळ लागतात, आणि ते रूळ भिंतीत पक्के रोवावे लागतात. १९९४मध्ये तिथले बांधकामाचे नियम कडक झाले. लाकडाचा सुमारे चार किलोचा वासा दारावर फेकून चाचणी घेणं सुरू झालं.

म्हणजे आजोबांचा सल्ला चुकीचा होता. पण पत्रे फक्त त्यामुळेच गेले, असं मी म्हणणार नाही. पत्र्यांचे हूक गंजलेले होते आणि ते बदलायचं बाबा दोन वर्षं पुढे ढकलत होते. हे मी दोघांनाही सांगितलं. कुणीच काही बोललं नाही.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. तोवर बाबांनी सगळे हूक बदलले होते. त्या सकाळी मागच्या दाराला अडसर आजोबांनीच घातला.