भिवंडी, 'तमस' आणि दूरदर्शन

दूरदर्शनने आपल्या चित्रपटसंस्कृतीला काय दिलं, असं विचारलं की आपल्याला रविवारचा हिंदी चित्रपट आठवतो, 'छायागीत' आठवतं. म्हणजे दूरदर्शन हे घरातलं थिएटर. पण अभ्यासकांचा प्रश्न याहून मोठा असतो. ब्रिटनमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या चॅनल फोरने चित्रपटांना पैसा पुरवला. त्यामुळे तिथला सिनेमा कसा बदलला, यावर पोर्ट्समथ विद्यापीठात रीतसर संशोधन झालं. आपल्याकडे हाच प्रश्न विचारायचा तर सुरुवात कुठून करायची? मी म्हणतो, भिवंडीतूनच.

मे १९७० मध्ये इथे दंगल झाली, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर अभिनेते बलराज साहनी आणि त्यांचे धाकटे भाऊ, लेखक भीष्म साहनी इथे येऊन गेले. दोघेही मूळचे रावळपिंडीचे. इथल्या उजाड वस्त्या पाहताना भीष्मजींना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि दिल्लीला परतल्यावर ते लिहायला बसले. आत्मचरित्रात त्यांनीच हे सांगितलंय. त्यातून झालेली कादंबरी म्हणजे 'तमस'. १९७५ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पुढे गोविंद निहलानींनी तिच्यावर सुमारे पाच तासांचा चित्रपट केला. आता विचार करा, फाळणीवरचा एवढा लांब चित्रपट कोणत्या थिएटरने लावला असता? तो जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवरून भागाभागांनी दाखवला गेला. मधल्या काळात, १९८४ साली, भिवंडी पुन्हा पेटून गेली होती. म्हणजे विषय जुना झालेला नव्हता.

प्रक्षेपणाविरुद्ध काहीजण मुंबई उच्च न्यायालयात गेले, स्थगितीही मिळाली. मग न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी काय केलं? अख्खा चित्रपट स्वतः पाहिला आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही प्रक्षेपणाच्याच बाजूने निकाल लागला. त्या निकालाला आधार होता जुन्या नागपूर उच्च न्यायालयातल्या न्या. व्हिव्हियन बोस यांच्या कसोटीचा. शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेतून, जागोजागी धोका दिसणाऱ्या माणसाच्या नव्हे. ही कसोटी आता घराघरातल्या प्रेक्षकाला लागू झाली. आपला प्रेक्षक एवढा शहाणा आहे, असं न्यायालयाने गृहीत धरलं, बरं का!

आणखी एक गोष्ट. दूरदर्शनवर आलेल्या याच 'तमस'ला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाले. राष्ट्रीय एकात्मतेवरच्या चित्रपटाचा नर्गिस दत्त पुरस्कार, सुरेखा सिक्रींना सहायक अभिनेत्रीचा, वनराज भाटियांना संगीताचा. छोट्या पडद्यावरचं काम 'चित्रपट' म्हणून मान्य झालं. सत्यजित राय यांनीही १९८१ मध्ये 'सद्गती' दूरदर्शनसाठीच केला होता. तेव्हा दूरदर्शन चित्रपट नुसतं दाखवत नव्हतं. चित्रपट कशाला म्हणायचं, तेही बदलत होतं.

पण प्रभाव फक्त निकालांवरून आणि पुरस्कारांवरून मोजता येत नाही. पूर्णिमा मानकेकर यांनी दिल्लीतल्या बायकांबरोबर बसून, त्यांच्याशी बोलून दूरदर्शनच्या मालिकांचा अभ्यास केला. १९९९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात 'तमस'चीही चर्चा आहे.

तशीच बोलणी भिवंडीत व्हायला हवीत. जी कादंबरी या गावाकडे पाहून सुचली, तिच्यात या गावाचं नाव नाही. पण पडद्यावरची ती जळती घरं इथे बसून पाहणाऱ्यांना काय आठवलं असेल? टीव्ही चालू ठेवला, की बंद केला? तेव्हाची तरुण माणसं आता साठीच्या आसपास आली. या सभागृहातही काहीजण असतील. आपल्या घरातल्या, शेजारच्या मोठ्या माणसांना विचारा आणि ते जे सांगतील ते उतरवून ठेवा.