गृध्रसी ते ‘गादी सरकणे’ : एका व्याधीच्या नामांतराचा इतिहास

कंबरेत उत्पन्न होऊन नितंब, मांडी व पोटरी या वाटेने पावलापर्यंत उतरणारी कळ ही मनुष्याच्या अतिप्राचीन व्याधींपैकी एक होय. पृष्ठवंशातून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूचे मूळ दाबले जाणे हे तिचे प्रमुख कारण. परंतु ही उपपत्ती वैद्यकात प्रतिष्ठित होण्यास १९३४ साल उजाडावे लागले. हा विलंब साधनांच्या अभावामुळे झाला असे सहज वाटेल. ते पूर्ण सत्य नव्हे. दाब आणणारा पदार्थ शस्त्रवैद्यांच्या हाती त्यापूर्वी पंचवीस वर्षे येत होता. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला, कापून काढला, जतनही केला. फक्त त्याला नाव दिले ते चुकीचे.

नावांचा हा घोळ मुळापासूनचा आहे. ग्रीक वैद्यांनी या दुखण्यास ‘इस्किआस’ म्हटले, ते ‘इस्किऑन’ म्हणजे नितंबाचा सांधा या शब्दावरून. मध्ययुगीन लॅटिनमध्ये आरंभीचा स्वर गळून ‘सायटिका’ हे रूप सिद्ध झाले. पण वेदना सांध्याची, हा अर्थ त्यात दडून राहिलाच. संस्कृत वैद्यकातील ‘गृध्रसी’ हे नाव ‘गृध्र’ म्हणजे गिधाड या शब्दाशी जोडले जाते आणि रुग्णाच्या लंगडत्या चालीवरून ते पडले असे स्पष्टीकरण दिले जाते. चरकसंहितेत नितंबापासून पावलापर्यंत वेदनेचा मार्ग क्रमाने सांगितला आहे. सुश्रुताने टाच व बोटे यांच्याशी संबद्ध असलेल्या कंडरा वाताने पीडित होतात आणि पाय उचलण्यास प्रतिबंध होतो, असे लक्षण दिले आहे. हे निरीक्षण अत्यंत मार्मिक आहे. तथापि त्यावरून सुश्रुतास मज्जातंतूची कल्पना होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कंडरा, स्नायू, सिरा या संज्ञांच्या सीमा आजच्या शारीरशास्त्राशी जुळत नाहीत. ‘स्नायू’ हाच शब्द मराठीत मांसपेशीचा व बंगालीत मज्जातंतूचा वाचक आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’चाही मूळ अर्थ कंडरा किंवा तात असाच होता. शरीरातील सर्व पांढऱ्या दोऱ्यांना एकाच नावाने ओळखण्याची ही प्रवृत्ती सार्वत्रिक दिसते.

दोऱ्यांतील हा भेद प्रस्तुत व्याधीपुरता स्पष्ट केला तो नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने. १७६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन प्रबंधात त्याने सांध्यातून उद्भवणारी आणि मज्जातंतूतून उद्भवणारी असे सायटिकाचे दोन प्रकार केले. मज्जातंतूच्या आवरणात द्रव साचतो, अशी त्याची कल्पना होती. म्हणून तो त्वचेवर फोड उठवून तो द्रव बाहेर काढू पाही. उपचार आज कोणी करणार नाही, पण दुखणे सांध्यातून तंतूत आले ही प्रगतीच होती.

पुढील महत्त्वाचे पाऊल बेलग्रेडमध्ये पडले. लाझा लाझारेविच या डॉक्टराने १८८० मध्ये दाखवून दिले की, उताण्या निजलेल्या रुग्णाचा सरळ पाय वर उचलला असता मज्जातंतू ताणला जातो व त्यामुळेच कळ येते. लेख सर्बियन भाषेत होता. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने हीच परीक्षा आपल्या प्रबंधात मांडली आणि वेदनेचे कारण मांसपेशींचा दाब असे सांगितले. स्पष्टीकरण सदोष; परंतु जगभर परीक्षेला नाव पडले ते लासेगचे. लाझारेविचने १८८४ मध्ये आपला लेख जर्मनमध्ये प्रसिद्ध केला, तोवर नाव रूढ होऊ लागले होते. (सर्बियन वाङ्मयात मात्र त्याचे नाव श्रेष्ठ कथाकार म्हणून टिकून आहे.) छोट्या भाषेत योग्य गोष्ट आधी सांगूनही ती ऐकू जात नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तंतू ताणला जातो हे कळले. तो मुळाशी कशाने दबतो हे कळले नाही. बर्लिन येथे फेडोर क्राउझे व हेर्मान ओपनहाइम यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णवृत्तात पृष्ठवंशाच्या नळीतून एक गाठ काढल्याचे व रुग्ण वेदनामुक्त झाल्याचे वर्णन आहे. गाठीत कूर्चेसारखा पदार्थ दिसला, म्हणून ती कूर्चेचे अर्बुद ठरली. ‘अर्बुद’ म्हटले की ते आपोआप वाढणारे, दुर्मीळ आणि वेगळ्या अध्यायात जाणारे प्रकरण झाले. रोजच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध कोण लावणार? १९११ मध्ये ग्लासगो येथे मिडलटन व टीचर यांनी ओझे उचलताना पाठीत ‘कट्’ झालेल्या व पुढे मरण पावलेल्या मजुराच्या शवविच्छेदनात मणक्यांमधील चकतीचा भाग नळीत आल्याचे पाहिले. त्याच वर्षी बॉस्टनच्या गोल्डथ्वेट यांनी चकतीकडे बोट दाखविले. १९२९ मध्ये वॉल्टर डँडी यांनी तर सुटलेली कूर्चा चकतीचीच आहे आणि ती अर्बुदाचा भास उत्पन्न करते, असे लिहिले. कोणाचेही म्हणणे फारसे ऐकले गेले नाही.

कोंडी फुटली ती बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. १९३२ मध्ये विल्यम जेसन मिक्स्टर यांनी एका तरुणाच्या पृष्ठवंशातून ‘अर्बुद’ काढले. त्यांचे सहकारी जोसेफ बार हे अस्थिशल्यतज्ज्ञ. ड्रेस्डेनच्या गेऑर्ग श्मोर्ल यांनी हजारो पृष्ठवंश चिरून चकतीच्या विकृतींचे जे वर्णन केले होते, त्याच्याशी बार परिचित होते. काढलेला तुकडा पाहून हे अर्बुद नसून फुटलेली चकती आहे, असा त्यांना संशय आला. मग विकृतिशास्त्रज्ञ चार्ल्स क्यूबिक यांच्या साहाय्याने संग्रहातील जुने नमुने पुन्हा तपासण्यात आले. ‘कूर्चार्बुद’ अशी चिठ्ठी लावलेल्या बहुतेक नमुन्यांत प्रत्यक्षात चकतीचाच पदार्थ निघाला. वस्तू जागच्या जागी होत्या. बदलली ती चिठ्ठी. मिक्स्टर व बार यांचा १९ रुग्णांवरील लेख २ ऑगस्ट १९३४ रोजी प्रसिद्ध झाला.

नव्या नावानेही आपला जुलूम केला. प्रत्येक कळीमागे चकती पाहण्याची आणि ती कापण्याची लाट आली. चकतीखेरीज नळी स्वतःच अरुंद असू शकते, हे उत्रेख्तच्या हेंक फर्बिस्ट यांनी १९४९ पासून दाखवावे लागले. हेन्रिक वेबर यांच्या १९८३ मधील अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण वर्षाअखेर सरस होते. दहा वर्षांनंतर भेद उरला नाही. ओल्मार्कर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत चकतीच्या गाभ्याचा पदार्थ दाब न देता नुसता तंतूंवर ठेवला, तरी त्यांचे कार्य बिघडले. म्हणजे ‘दबलेली शीर’ हे वर्णनही अपुरेच. दाबासोबत दाहही असतो. १९९४ च्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची चुंबकीय चित्रे घेतली गेली, तेव्हा ५२ टक्क्यांत कोठे ना कोठे चकती फुगलेली आढळली. मलमूत्रावरील ताबा सुटणे किंवा पायाची शक्ती झपाट्याने जाणे, ही तातडीच्या शस्त्रक्रियेची कारणे आजही निर्विवाद आहेत. इतर बहुतेकांना काही आठवडे औषध, हालचाल व व्यायाम यांनी उतार पडतो.

२००१ मध्ये अमेरिकेतील पृष्ठवंश व क्ष-किरण तज्ज्ञांच्या तीन संस्थांनी चकतीच्या विकृतींची परिभाषा एकत्र ठरविली. तिच्यातील सर्वांत मोलाचे कलम भाषिक आहे : संज्ञा केवळ आकार सांगते, तीवरून कारण, लक्षणे वा उपचाराची आवश्यकता यांचा बोध होतो असे मानू नये. मराठीत अशी शिस्त अद्याप आलेली नाही. ‘गादी सरकली’ असे म्हटले जाते. वस्तुतः चकती दोन मणक्यांना घट्ट जखडलेली असते, ती सरकत नाही, तिचे कवच फाटून गाभा बाहेर येतो. ‘मणक्यात गॅप पडली’ हा प्रयोग तर उलट दिशेचा. साध्या क्ष-किरण चित्रात चकती दिसत नाही, दोन मणक्यांमधील जागा तेवढी दिसते, आणि चकती झिजली की ती जागा कमी होते. या जागेच्या उल्लेखातूनच ‘गॅप’ शब्द रूढ झाला असावा. परंतु तो ऐकणाऱ्या रुग्णाच्या मनात फट रुंदावल्याचे चित्र उभे राहते आणि ती भरून कशी येईल, एवढेच तो विचारीत राहतो.