तरंगणारं हॉटेल

कॉलेजात असताना एका जाडजूड पुस्तकात ही गोष्ट वाचली होती. १ सप्टेंबर १९२३. टोकियोतल्या नव्याकोऱ्या इंपिरियल हॉटेलच्या उद्घाटनाची मेजवानी. बाराला दोन मिनिटं कमी असताना भूकंप होतो, शहर जमीनदोस्त होतं, आणि धुरातून एकच इमारत उभी दिसते. काही दिवसांनी अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटला तार जाते : तुमच्या प्रतिभेचं स्मारक शाबूत आहे. तार पाठवणारे बॅरन ओकुरा, हॉटेलच्या मालकांपैकी एक.

अशी गोष्ट विसाव्या वर्षी वाचली की ती खरी-खोटी तपासायची नसते. मी कित्येक वर्षं ती चारचौघांत रंगवून सांगत आलो. एक इमारत सोडून सगळं पडलं, असं ठोकून द्यायचो!

कामानिमित्त नागोयाला जाणं झालं, तेव्हा एक रविवार मोकळा मिळाला. जवळच इनुयामाला मेइजी-मुरा नावाचं संग्रहालय आहे. डोंगरउतारावर जुन्या इमारती आणून उभ्या केल्यात, आणि त्यांत इंपिरियलचं प्रवेशद्वार आणि लॉबी आहे. फक्त तेवढंच. बाकी हॉटेल १९६८ सालापर्यंत पाडून झालं होतं. भूकंपाला पुरून उरलेलं हॉटेल पंचेचाळीस वर्षांत माणसांनी का पाडलं, हा प्रश्न मला तिथे दारात उभं राहीपर्यंत पडलाच नव्हता, याची आता लाज वाटते.

आत गेलो तर पहिल्यांदा छत अंगावर येतं. बुटकं, अंधारं. दोन पावलं पुढे गेलं की एकदम तीन मजले उंच मोकळी जागा. खांबांच्या आतून दिवे, विटांवर ओरखडे काढल्यासारखी नक्षी, आणि सगळीकडे ओया दगडाचं कोरीवकाम. हा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखाच सच्छिद्र आणि कापायला सोपा. राइटने इमारतीबरोबर खुर्च्या, गालिचे, कपबश्यासुद्धा स्वतःच काढल्या होत्या. पाहुण्याच्या हातातल्या बशीवरही वास्तुरचनाकाराचा अंमल! आज ‘डिझाइन हॉटेल’ म्हणून जे मिरवलं जातं, त्याचं आजोबाच म्हणा ना.

परत आल्यावर वाचत बसलो. राइटच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. भूकंपात कौलं घरंगळून माणसं मरतात म्हणून त्याने छपराला तांब्याचे हलके पत्रे घातले. लांबलचक इमारतीचे तुकडे पाडून मध्ये सांधे ठेवले. भिंती खाली जाड, वर पातळ. मजले वेटरने बोटांवर ताट पेलावं तसे मधल्या आधारावर तोललेले. आणि दारापुढचं तळं. खर्च वाचवायला ते रद्द करा म्हणत होते, पण आपण हट्टाने ठेवलं, असं राइटने आत्मचरित्रात लिहिलंय. भूकंपानंतर आगी लागल्या (ऐन जेवणाची वेळ, घरोघर चुली पेटलेल्या) तेव्हा त्याच तळ्याचं पाणी कामी आलं. त्या आगीत आणि भूकंपात मिळून लाखाच्या वर माणसं गेली. हॉटेलात त्या दिवसांत वकिलाती आणि बेघर लोक येऊन राहिले. हे काही थोडं नव्हे.

आता दुसरी बाजू. जागा चिखलाची, साठ-सत्तर फूट खोल गाळ. राइटने खालच्या घट्ट थरापर्यंत जायचं सोडून आठ-नऊ फुटांचे आखूड खांब ठोकले. पाण्यावर जहाज तरंगतं तसं हॉटेल चिखलावर तरंगेल, असा विचार. पण मऊ गाळ हादरे शोषत नाही, उलट वाढवतो. भूकंपात हॉटेल वाचलं, तरी मधला भाग खचला, काही ठिकाणी जमीन फुगली. आणि पुढची चाळीस वर्षं ते चिखलात कमीजास्त खचतच राहिलं.

‘एकच इमारत’ हेही खोटंच निघालं. त्याच शहरात ताचू नाइतो नावाच्या जपानी इंजिनिअरने घडवलेली बँकेची नवी इमारत जवळपास धक्का न लागता उभी राहिली. पोलादी सांगाडा, त्यावर काँक्रीट, आणि हादरे अडवणाऱ्या भिंती. याच नाइतोने पुढे टोकियो टॉवरची रचना केली. कॉलेजातल्या त्या पुस्तकात त्याचं नावही नव्हतं. त्याला कोणी तार केली नव्हती ना! त्या प्रसिद्ध तारेबद्दलही काही अभ्यासकांना शंका आहे की मजकूर राइटनेच रचला असावा. खरं असेल तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

तसं राइटने कामही अर्धवटच सोडलं होतं. खर्च हाताबाहेर गेल्यावर १९२२ मध्ये तो परतला, आणि उरलेलं सगळं त्याचा जपानी सहकारी अराता एंदो याने निस्तरलं. (राइटबरोबर आलेला आंतोनिन रेमंड मात्र जपानमध्येच रमला. पुढे पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातली ‘गोलकोंडा’ ही इमारत त्याने केली. ती मी पाहिली आहे. तिथे वाऱ्याचा विचार पाहुण्यांच्या आधी केलेला दिसतो. असो.)

१९४५ च्या बाँबहल्ल्यात हॉटेलचा एक भाग जळला. मग अमेरिकन सैन्याचा मुक्काम. १९५४ साली मेरिलिन मन्रो मधुचंद्राला तिथेच उतरली होती. पण तोवर दगडाचे कोपरे झिजून ढलपे पडायला लागले होते, आणि शहराच्या ऐन मध्यावरची जमीन एवढी महाग झाली की तिथे बुटकी इमारत ठेवणं मालकांना परवडेना. १९७० साली तिथे सतरा मजली हॉटेल उभं राहिलं. लॉबी तेवढी वाचली. तिची पुनर्बांधणी पूर्ण व्हायला १९८५ साल उजाडलं.

आणि तीही पूर्ण जुनी नाहीच. ओया दगड इतका झिजला होता की त्यातला बराचसा परत वापरता आला नाही, नवीन घालावा लागला. वरच्या सज्जात एक छोटं कॅफे आहे. तिथे कॉफी घेऊन बसलो होतो. समोर एक आजोबा नातवाला खांबावरची नक्षी दाखवत काहीतरी सांगत होते. भाषा कळली नाही, पण हातवारे कळले : दोन्ही तळवे आडवे धरून ते डोलवत होते, आणि तोंडाने घुर्रर्र आवाज काढत होते. मीही इतकी वर्षं अगदी तसंच करत होतो.