संमेलनाची कसोटी

संमेलनाचे यश आपण ठरावांवरून मोजतो. मला ते पटत नाही. तेथून परतलेल्या लेखकाने पुढे काय केले, हीच खरी कसोटी. त्यासाठी फिस्कची हकीकत सांगतो.

अमेरिकेत नॅशव्हिल येथे, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ साली फिस्कची स्थापना झाली. या विद्यापीठात १९६७ च्या वसंतात काळ्या लेखकांचे काही दिवसांचे संमेलन भरले. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स तेथे गेल्या. १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवून हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या काळ्या लेखक ठरल्या होत्या. नुकतेच साउथ डाकोटातील गोऱ्या श्रोत्यांनी त्यांना भरभरून प्रेम दिले होते. फिस्कमध्ये मिळाला तो थंड आदर. 'तुम्ही कोणासाठी लिहिता?' हाच प्रश्न मला त्या थंडपणात दिसतो.

ब्रुक्सबाईंनी तो टाळला नाही. शिकागोत टोळीतल्या तरुणांसाठी त्यांनी लेखनवर्ग चालविला. १९६९ साली 'रायट' हे पुस्तक न्यूयॉर्कच्या बड्या प्रकाशकाला न देता डेट्रॉइटमधील डडली रँडल या काळ्या ग्रंथपाल-कवीच्या ब्रॉडसाइड प्रेसला दिले.

दलित साहित्य संमेलने १९५८ पासून भरत आली. पारितोषिकेही आपल्या दारी आली. ज्या वस्तीचे दुःख आपण लिहितो, त्या वस्तीत आपले पुस्तक पोचते काय? मंडपातून निघताना प्रत्येकाने हे स्वतःला विचारावे.